सरकारी रुग्णालयातले बाळंतपण आणि ‘बठ्ठं बरं शे’ हे उत्तर

पांझराकाठ (धागाकर्ती)

माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण गेल्या उन्हाळ्यात खानदेशातल्या एका सरकारी रुग्णालयात झाले. पहिलटकरीण म्हणून ती माहेरी आली होती आणि तिच्यासोबत रुग्णालयात राहण्याचे काम आई आणि मी आळीपाळीने केले. घरी सोडण्याच्या दिवशी, सुट्टीचा कागद अजून हाती यायचा होता तेव्हा, एक कर्मचारी छापील तक्ता घेऊन खाटेजवळ आल्या. स्वच्छता, औषधे, जेवण, डॉक्टरांचे वागणे, सिस्टरांचे वागणे आणि शेवटी एकूण समाधान, असे रकाने होते आणि प्रत्येकापुढे वाईटपासून उत्तमपर्यंत खुणा करायच्या होत्या. बहीण बाळाला पाजत होती. तिने मान वर न करताच आमच्या अहिराणीत सांगितले, “बठ्ठं बरं शे,” म्हणजे सगळे बरे आहे. मी प्रत्येक रकान्यात ‘उत्तम’वर खूण केली, तिचा अंगठा नव्हे तर रीतसर सही घेतली आणि कागद परत दिला.

पंधरा दिवसांनी, दुपारी घरात आम्ही दोघीच असताना, ती आपणहून बोलू लागली. कळा सुरू झाल्यावर सात-आठ तास ती प्रसूतीच्या टेबलावर आणि टेबलाशेजारच्या खाटेवर एकटीच होती. आईला दाराबाहेर थांबवले होते. तपासायला चार वेगवेगळ्या व्यक्ती आल्या, त्यातल्या एकीनेही आपण कोण आणि काय पाहत आहोत हे सांगितले नाही. पडदा होता, पण तो ओढायचे कोणाला सुचले नाही. ती ओरडली तेव्हा जे वाक्य तिला ऐकवले गेले ते मी येथे लिहीत नाही, कारण ज्या वाचक स्त्रिया सरकारी प्रसूतिकक्षातून गेल्या आहेत त्यांना ते माहीत आहे आणि इतरांना ते माझ्याकडून कळू नये. शेवटी कोणीतरी पोटावर जोर देऊन दाबले. टाके पडले आहेत हे तिला दुसऱ्या दिवशी लघवीला गेल्यावर समजले.

आणि तरीही ती कृतज्ञ होती, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. बाळ धडधाकट होते, रक्ताची बाटली लागली ती मिळाली, घरी येताना गाडी मिळाली, आणि ज्या घरात कापसाचे पैसे दिवाळीनंतर येतात त्या घरावर कर्ज झाले नाही. ‘बठ्ठं बरं शे’ हे तिने भीतीपोटी सांगितले असे मला वाटत नाही. ते खरेच होते. पंधरा दिवसांनी सांगितलेलेही खरे होते. तक्त्यात मात्र यातले एकच सत्य मावले.

थोडी पार्श्वभूमी देते, म्हणजे चर्चा केवळ माझ्या घराभोवती फिरणार नाही. जननी सुरक्षा योजना २००५ साली आली, तिचा भर बाई घराऐवजी दवाखान्यात बाळंत व्हावी यावर होता. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी संस्थेतील प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, ने-आण करणारे वाहन, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचे जेवण, हे सारे मोफत मिळण्याचा हक्क मान्य झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे संस्थेत झाल्याचे दिसते, आणि २०१८–२० या काळातील नमुना नोंदणीनुसार राज्याचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, तेव्हा देशाचा ९७ होता. हे लहान यश नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम आला, त्यात प्रसूतिकक्षाची गुणवत्ता तपासली जाते आणि मातेला सन्मानाने वागवणे हा त्याचा घोषित भाग आहे. प्रमाणपत्र मिळवणाऱ्या, ठरवून दिलेले निकष पूर्ण करणाऱ्या आणि ८० टक्के लाभार्थी समाधानी असल्याचे दाखवणाऱ्या संस्थेला बक्षीस मिळते: वैद्यकीय महाविद्यालयाला ६ लाख, जिल्हा रुग्णालयाला ३ लाख, त्याखालच्या संदर्भ रुग्णालयाला २ लाख रुपये.

म्हणजे ज्या समाधानावर संस्थेचे बक्षीस अवलंबून, ते समाधान त्याच संस्थेची माणसे, त्याच खाटेपाशी, सुट्टीचा कागद हाती येण्यापूर्वी विचारतात. माझा प्रश्न एवढाच आहे की, या पद्धतीने जे मोजले जाते ते नेमके काय आहे? ज्यांनी या बाजूने किंवा त्या बाजूने हे पाहिले आहे त्यांनी लिहावे.


गिरणाथडी

मी आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले आहे. सेवेची सुरुवात उपकेंद्रावर झाली, त्यामुळे दोन्ही काळ पाहिले आहेत. तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे झाले त्याचे समर्थन मी करणार नाही, परंतु ते का होते हे आतून सांगते.

रात्रपाळीला एका सिस्टरवर दोन टेबले आणि त्याच वेळी वॉर्डातल्या बाळंतिणी, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. एकीचे डोके दिसू लागलेले असते, दुसरीला झटके येण्याची भीती असते, तिसरीचे बाळ रडलेले नसते. अशा वेळी सिस्टर ज्या आवाजात बोलते तो तिचा घरचा आवाज नसतो. बाई जोर लावत नाही, बाळ अडकले आणि उद्या चौकशी लागली तर नाव आपले येईल, ही भीती त्या ओरडण्यामागे असते. नव्या मुली हे जुन्यांकडून शिकतात आणि मग ओरडणे हीच कामाची रीत आहे असे समजू लागतात. गर्दी नसतानाही त्या ओरडतात तेव्हा मात्र माझ्याकडे समर्थन उरत नाही.

आता दुसरी बाजू. पूर्वी गावात सुईण बाळंतपण करायची. तिच्या हाताने जंतुसंसर्ग झाले, बाया दगावल्या, धनुर्वाताने बाळे गेली. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. पण सुईण एक गोष्ट करायची, ती बाईला सोडून जात नसे. कमरेला तेल लावायची, चहा पाजायची, चालायला लावायची, “भिऊ नको माय, मी शे ना” म्हणत रात्रभर बसायची. आम्ही बाळंतपण दवाखान्यात आणले तेव्हा सुईणीचे धोके मागे ठेवले हे बरोबर केले, पण तिचे बसणेही मागे राहिले. त्या बसण्याचे पद कोणत्याही आकृतिबंधात मंजूर नाही.

आणि ‘मावशी’चा विषय कोणी काढणारच, म्हणून मीच काढते. बाळ झाल्यावर पेढ्याचे पैसे मागण्याची रीत अजून आहे. मुलगा झाला तर मोठी नोट, मुलगी झाली तर लहान, हा दर कोठेही लिहिलेला नसूनही साऱ्यांना पाठ असतो. यातल्या बऱ्याच मावश्या कंत्राटी आहेत आणि त्यांचे पगार थकतात, हे खरे आहे. परंतु आंडेर (मुलगी) झाली म्हणून कमी पैसे मागितले जातात तेव्हा त्या बाळंतिणीला दवाखान्यातही काय ऐकावे लागले याचा विचार करा. तक्त्यात हा रकाना नसतो.


रावेरचा केळीवाला

आधी एक दुरुस्ती. खानदेश म्हणजे केवळ अहिराणी नव्हे. आमच्या रावेर-यावलकडे लेवा गणबोली आणि तावडी बोलतात, तेथे ‘शे’ ऐकू येत नाही. हे वादासाठी लिहीत नाही. पुढे प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचे हा मुद्दा येणार, तेव्हा उपयोगी पडेल.

मी बाहेर थांबलेला नवरा म्हणून लिहितो. पत्नीला आत नेले ती संध्याकाळ होती आणि बाळ दुसऱ्या दिवशी दुपारी झाले. त्या वेळात मला तीन वेळा बोलावले गेले: एकदा सहीसाठी, एकदा बाहेरून औषध आणण्यासाठी आणि एकदा रक्तगट विचारण्यासाठी. आत काय चालले आहे हे विचारण्यासाठी दार वाजवले तर “बाहेर थांबा” एवढेच उत्तर. मे महिना होता, पारा ४४ वर होता आणि बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाकावर आम्ही आठ-दहा पुरुष बसलो होतो. कोणालाही आपल्या बाईची स्थिती माहीत नव्हती. भांडणे अशाच ठिकाणी पेटतात. दर दोन तासांनी कोणी बाहेर येऊन “अमुक बाईचे ठीक चालले आहे, अजून वेळ लागेल” इतके म्हटले असते तर त्या रात्री जी खिडकीची काच फुटली ती फुटली नसती, असे माझे मत आहे.

मोफत या शब्दाविषयीही थोडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत सरकारी संस्थेतील एका बाळंतपणामागे कुटुंबाच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये गेल्याची देशपातळीवरील नोंद आहे. तो पैसा कशात जातो हे माझ्या हिशेबावरून सांगतो: कळा रात्री सुरू झाल्या आणि गाडीची वाट पाहण्याचा धीर झाला नाही म्हणून भाड्याचे वाहन, बाहेरून आणलेली इंजेक्शने, सोबतच्या दोन बायकांचे दोन दिवसांचे जेवण आणि चहा, पेढे, आणि ते वर सांगितलेले ‘पेढ्याचे’ पैसे. यातल्या एकाचीही पावती नसते.

माझ्या मेहुणीला जननी सुरक्षेचे ग्रामीण भागातले ७०० रुपये मिळायचे होते. बँकेचे खाते माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या उपकेंद्राचे आणि बाळंतपण माहेरच्या तालुक्यात. तिने चार चकरा मारल्या आणि सोडून दिले. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत योजना आखणाऱ्यांना माहीत नसावी असे तर नाही. तिला विचाराल तर ती बाळंतपणाविषयी समाधानी आहे, चकरांविषयी नाही.


निवासी

मी एमबीबीएस होऊन बंधपत्रित सेवेत प्राथमिक आरोग्य केंद्रावर काम केले आहे आणि आता स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. थोडे विस्ताराने लिहितो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत असे मला दिसते.

पहिली गोष्ट अशी की, धागाकर्तीच्या बहिणीला जे सोसावे लागले त्यातले बरेचसे वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे, केवळ वागणुकीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसूतिकाळातील काळजीविषयी ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यात बाळ बाहेर येण्यासाठी पोटावर हाताने दाब देऊ नये असे म्हटले आहे, सरसकट प्रत्येकीला छेद घेऊन टाके घालू नयेत असे म्हटले आहे, आतून तपासणी साधारण चार तासांच्या अंतराने करावी असे म्हटले आहे, आणि बाईला हवी ती सोबत द्यावी व तिला सोयीची वाटेल ती स्थिती घेऊ द्यावी असेही म्हटले आहे. तासाला एक सेंटिमीटर गर्भाशयाचे तोंड उघडलेच पाहिजे, हा आमच्या आधीच्या पिढ्यांनी घोकलेला नियमही तेथे बाजूला ठेवला आहे. याच नियमाच्या धाकाने किती बायांना विनाकारण घाई केली गेली असेल, याचा विचार मनात येतो तेव्हा अस्वस्थ व्हायला होते. शिकवणाऱ्या रुग्णालयात चार जणांनी तपासले असेल तर त्यातले दोघे बहुधा शिकणारे असतील. मीही त्यांच्यापैकी एक होतो. आपले नाव सांगून परवानगी मागायला दहा सेकंद लागतात. आम्हाला ते कोणी शिकवले नव्हते, परीक्षेत त्याला गुण नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. समाधान आणि चांगली काळजी नेहमी एकाच दिशेने चालत नाहीत. केंद्रावर असताना मला नातेवाइकांनी सर्वांत जास्त वेळा काय म्हटले असेल तर “डॉक्टर, कळांचे इंजेक्शन द्या, सलाइन लावा, लवकर मोकळी करा.” गरज नसताना ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारे औषध) दिले तर गर्भाशयावर अवाजवी ताण येतो, बाळाचा श्वास कोंडू शकतो. पण जो डॉक्टर सलाइनमध्ये औषध सोडून तासाभरात मोकळी करतो त्याच्यावर कुटुंब खूश असते, आणि जो “सगळे ठीक आहे, वाट पाहू” म्हणतो तो निष्काळजी ठरतो. समाधानाचे गुण गोळा करायचे ठरवले तर मला पहिला डॉक्टर व्हावे लागेल. सिझरचेही तसेच. पाचव्या फेरीनुसार देशात खासगी संस्थांतील ४७.४ टक्के आणि सरकारी संस्थांतील १४.३ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. खासगीतल्या त्या सर्व शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या असे कोणी म्हणणार नाही, पण कुटुंबांना विचाराल तर बहुतेक समाधानी आढळतील.

म्हणून तक्त्यातले समाधान फेकून द्यावे असे मी म्हणत नाही. विकसनशील देशांतील अभ्यासांचा २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात इमारत आणि सुविधांपेक्षा वागणूक, खासगीपणा, लक्ष देणे यांचाच मातांच्या समाधानाशी संबंध वारंवार दिसला. माझे म्हणणे इतकेच की ‘तुम्ही समाधानी आहात का’ या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे बाईच्या अपेक्षेशी केलेली तुलना असते. जिची अपेक्षाच ‘जिवंत परत यावे’ एवढी आहे तिच्याकडून वाईट गुण कधीच मिळणार नाहीत.


सातपुड्याचा वाटसरू

येथपर्यंतची चर्चा तापीच्या खोऱ्यातली झाली. आता थोडे वर या.

मी धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत कामानिमित्त राहिलो आहे. सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांवरून बाई निघते तेव्हा आधी बांबूला बांधलेल्या झोळीतून डोंगर उतरते, मग काही ठिकाणी बोट, मग जीप किंवा १०८ ची गाडी. पावसाळ्यात यातला कोणता टप्पा तुटेल ते सांगता येत नाही. आदिवासी भागात यासाठीच ‘माहेरघर’ योजना आणली गेली: दिवस भरत आले की बाईने आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत येऊन राहावे, तिला आणि सोबतच्या माणसाला जेवण मिळावे. कल्पना चांगली आहे, नावही चांगले आहे. परंतु घरी तीन लेकरे, दोन बकऱ्या आणि शेतात ज्वारी उभी असताना आठ दिवस आधी येऊन बसणे किती जणींना जमते, हा प्रश्न नाव बदलून सुटत नाही.

पावरी किंवा भिल्ली बोलणाऱ्या बाईला प्रसूतिकक्षात मराठीतून सूचना दिल्या जातात. ‘जोर लाव’ आणि ‘जोर लावू नको’ यातला फरक परक्या भाषेत, कळा सोसताना, कसा कळावा? तिने उलटे केले की तिला अडाणी म्हणतात. घरी ती उकिडवी बसून, दोराला किंवा खांबाला धरून बाळंत झाली असती. येथे तिला उताणे झोपवून पाय वर बांधतात. बाळामागून पडणारी वार घरच्यांना न देता बादलीत टाकली जाते, आणि ती आपल्याला मिळणार नाही हे कोणी आधी सांगत नाही. वर डॉक्टरांनी सोयीच्या स्थितीविषयी लिहिले, ते वाचून मला वाटले की जिनीव्याहून जे शिफारस होऊन आले ते आमच्या पाड्यावरच्या म्हातारीला आधीच माहीत होते.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. समाधानाचा तक्ता जी आली तिच्याकडून भरून घेतला जातो. जी एकदा येऊन गेली आणि पुढच्या खेपेला आलीच नाही, तिचे उत्तर कोणत्या रकान्यात आहे? दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याकडची कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत उतरतात, काही बाया तेथेच फडावर बाळंत होतात. त्यांना कोणी विचारत नाही. मला विचाराल तर दुसऱ्या बाळंतपणाला ती बाई परत आली की नाही, हाच खरा तक्ता.


भुसावळकर

खासगीत तरी कोठे सन्मान आहे? तेथे गोड बोलतात आणि बिल हातात देतात. सरकारीला उगाच झोडपू नये.


पांझराकाठ (धागाकर्ती)

भुसावळकर, झोडपणे हा हेतू नाही. माझ्या बहिणीला पुढच्या वेळीही मी तेथेच नेईन, आणि म्हणूनच हे लिहिले. जेथे जायचेच नसते तेथल्या पडद्याची चिंता कोण करतो?

बाकीचे प्रतिसाद दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचले. निवासी यांचा मुद्दा मला पटला आणि त्यातूनच मार्ग दिसतो. मत विचारू नये, घटना विचारावी. ‘सिस्टरांचे वागणे कसे होते’ याला उत्तर ‘बरं’ असेच येणार. पण ‘कळा चालू असताना तुझ्याजवळ कोण होते’ याला ‘बरं’ हे उत्तर देता येत नाही. तेथे एखादे माणूस सांगावे लागते किंवा ‘कोणीच नाही’ म्हणावे लागते. मी बहिणीला फोनवर एवढेच विचारले, “तुनाजोडे कोन व्हतं?” आणि ती बराच वेळ बोलली. त्यात एक नवी गोष्ट कळली. पहाटे फरशी पुसायला आलेल्या मावशीने तिच्या कपाळावर ओले फडके ठेवले होते आणि थोडा वेळ हात धरला होता. तीच मावशी नंतर पेढ्याचे पैसे मागायला आली. बहिणीने ते आनंदाने दिले. यावर काय मत बनवावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सोबतीविषयी माहिती शोधली तेव्हा कळले की केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी संस्थांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली आहे. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली स्त्री असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिने स्वच्छ कपडे घालावेत आणि कामात अडथळा आणू नये, अशा अटी आहेत. जेथे आडोसा नीट आहे तेथे पतीलाही परवानगी देता येते. म्हणजे माझ्या आईला दाराबाहेर थांबवण्याचे कारण नियम हे नव्हते. चार बाळंतपणे झालेली, धुतलेले लुगडे नेसून आलेली ती बाई रात्रभर जिन्यात बसून होती.

मी प्रश्न लिहून पाहिले. कळा चालू असताना जवळ कोण होते? तपासण्यापूर्वी सांगितले का? पडदा ओढला होता का? पाणी प्यायला दिले का, चालू दिले का? पोटावर दाबले का? टाके घालण्यापूर्वी सांगितले का, आणि घालताना सुन्न केले होते का? बाळ किती वेळाने छातीशी दिले? कोणी रागावले का, हात उगारला का? पैसे कोणी मागितले, किती? पुढे कोणाला तरी हे अहिराणीत, लेवा बोलीत आणि पावरीत नीट मांडावे लागेल. भाषांतर करून चालणार नाही, बाई ज्या शब्दांत बोलते त्या शब्दांत मांडावे लागेल.


गिरणाथडी

यात तांबीचा (गर्भनिरोधक कॉपर-टीचा) प्रश्न घाला. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवतात. ती चांगली सोय आहे, मी स्वतः कित्येकींना समजावून दिली आहे. पण समजावायचे ते गरोदरपणात, कळांमध्ये नव्हे. “तांबी बसाडाना पहिले तुले इचारं का?” असे थेट विचारा. काहींना तांबी आहे हेच माहीत नसते, असे मी माझ्या सेवेत पाहिले आहे.


निवासी

प्रश्न योग्य आहेत. ‘हात उगारला का’ हा प्रश्न आमच्या लोकांना झोंबेल, तरी राहू द्या. फक्त एक विनंती आहे: उत्तरांसोबत त्या पाळीला किती सिस्टर होत्या आणि किती बाळंतपणे झाली हेही नोंदवा. नाहीतर शेवटी सारा दोष सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या माथी येईल आणि तिची बदली करून प्रकरण मिटवले जाईल.


रावेरचा केळीवाला

विचारणार कोण आणि कधी? रुग्णालयात नको हे ठरले. फोनवरही नको. ‘मेरा अस्पताल’ या सरकारी व्यवस्थेतून २०१६ पासून रुग्णांना संदेश आणि फोन करून अभिप्राय घेतला जातो, पण आमच्याकडे नोंदवलेला क्रमांक नवऱ्याचा असतो. माझ्या पत्नीच्या बाळंतपणाविषयी फोन आला तर मी मळ्यात उभा राहून ‘चांगले झाले’ असे सांगून मोकळा होईन.

आशाताई नवजात बाळाच्या तपासणीसाठी घरी येतात, दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. शेवटची भेट वापरावी. तोवर बाई सावरलेली असते.


सातपुड्याचा वाटसरू

आशाताईंवर आणखी एक नोंदवही लादण्यापूर्वी त्यांना विचारा. शिवाय कित्येकदा आशाच बाईला दवाखान्यात घेऊन गेलेली असते. उद्या पुन्हा त्याच सिस्टरकडे तिला दुसरी बाई न्यायची असते. ती खरे लिहून कसे देईल? शेजारच्या गावच्या आशेने विचारावे, आणि कागदावर बाईचे नाव नसावे.


गिरणाथडी

शेजारच्या गावची आशा ही सूचना चांगली आहे. पण ४२ वा दिवस चालणार नाही, केळीवाले भाऊ. आपल्याकडे बऱ्याच मुली सव्वा महिना झाला की बाळ घेऊन सासरी जातात. ४२ व्या दिवशी ती सासरी असेल, सासू शेजारी बसलेली असेल, आणि ती पुन्हा ‘बठ्ठं बरं शे’ म्हणेल. तिला माहेरी असतानाच विचारा. २८ व्या दिवसाची भेट घ्या, दुपारी, बाप्ये शेतात गेल्यावर, आणि तिची आई चूल आवरत असेल तर तिलाही जवळ बसू द्या, कारण जिन्यात बसलेल्या बाईकडेही सांगण्यासारखे असते.